बडोद्यात श्रीअरविंदांच्या घरी : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आमच्याकडे पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याची यादी ठरलेली असते. लक्ष्मीविलास पॅलेस, सयाजीबाग, सूरसागरचा शंकर आणि संध्याकाळी सेव-उसळ. या यादीत मी दांडिया बाजारातलं एक जुनं घर हळूच घुसडतो. पाहुणा लगेच विचारतो, “तिथे बघण्यासारखं काय आहे?” बघण्यासारखं थोडंच आहे, बसण्यासारखं मात्र पुष्कळ. म्हणून हे घर घाईत बघून झालं की निराशा पदरात पडते, आणि थोडी तयारी करून आलं की माणूस तासाभराने बाहेर येतो तो गप्पच असतो. ती तयारी कशी करायची, ते पायरी-पायरीने सांगतो.

पहिली पायरी घरीच, पुस्तक हातात घेऊन

अरविंद घोष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाँडिचेरी येते, पांढरी दाढी येते. बडोद्याचे अरविंदबाबू वेगळे. एकविसाव्या वर्षात पाऊल टाकलेला, इंग्लंडात वाढलेला, मातृभाषा बंगाली असून ती धड न येणारा एक सडपातळ तरुण. सातव्या वर्षी वडिलांनी विलायतेला धाडलेला. केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिनची बक्षिसं मिळवली, आय.सी.एस.ची लेखी परीक्षा पास केली, पण घोडेस्वारीच्या चाचणीला वेळेवर उभाच राहिला नाही. सयाजीराव महाराज तेव्हा लंडनमध्ये होते. तिथेच महिना 200 रुपयांवर नोकरी ठरली. 6 फेब्रुवारी 1893 ला हा तरुण मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला आणि दोन दिवसांत संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. 1906 पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, तो बडोद्याचा होता. निघाला तेव्हा पगार 750 होता, आणि तो सोडून कलकत्त्याला 150 रुपयांवर राष्ट्रीय कॉलेजात गेला. आमच्या दांडिया बाजारात अजून कुणी चांगली नोकरी सोडली की म्हातारी माणसं हे आकडे ऐकवतात.

वाचायचं काय? जाडजूड ग्रंथ बरोबर बांधू नका. गाडीत दोन गोष्टी पुरतात. एक म्हणजे 30 ऑगस्ट 1905 चं पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलेलं पत्र. बंगालीत लिहिलेल्या या पत्रात त्यांनी आपली तीन वेडं सांगितली आहेत. मिळेल ते सगळं देवाचं आहे, आपल्यापुरतं ठेवून बाकीचं परत द्यायचं, हे पहिलं. देवाला समोरासमोर पाहायचंच, हे दुसरं. आणि देश म्हणजे शेतं-डोंगर-नद्या नव्हे, ती आई आहे, हे तिसरं. पुढे अलीपूरच्या बॉम्बखटल्यात अरविंदबाबू आरोपी होते, तेव्हा पोलिसांनी हेच पत्र पुरावा म्हणून कोर्टात ठेवलं. बायकोला लिहिलेलं पत्र सरकारी पुराव्यात! हे वाचून त्या घरात शिरलात तर घर वेगळं दिसतं, एवढं खात्रीने सांगतो.

दुसरी गोष्ट भर्तृहरीचं नीतिशतक. इथे असताना त्यांनी ते इंग्रजी पद्यात आणायला घेतलं होतं. आपल्याला ते वामन पंडितांच्या समश्लोकीतून शाळेपासून ठाऊक असतं, त्यामुळे आधी वामन पंडित आणि मग अरविंदबाबू असं वाचायला मजा येते. एकाने मराठीत जे केलं ते दुसऱ्याने इंग्रजीत, आणि तेही मराठी राज्याच्या राजधानीत बसून.

एक सावधगिरी. कुणी हौशी माणूस तुम्हाला सांगेल की ‘सावित्री’ हे महाकाव्य इथेच लिहिलं. मान डोलवा, वाद घालू नका, पण वहीत उतरवूही नका. ‘सावित्री’चं सगळ्यात जुनं हस्तलिखित 1916 चं, म्हणजे पाँडिचेरीतलं आहे. बडोद्यात लिहिलं ते ‘उर्वशी’, ‘लव्ह अँड डेथ’ यांसारखी काव्यं, कालिदासाचे अनुवाद, आणि 1905 चं ‘भवानी मंदिर’ हे पत्रक. तेवढंही काही कमी नाही.

दिवस कोणता निवडाल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकीच्या महिन्यांतही लोक येतात, आमचे मामा तर मे महिन्यात दुपारी एक वाजता आले होते. घराबाहेर चप्पल काढली आणि तापलेल्या फरशीवर मामा-मामी जे नाचत सुटले, त्याला घरात अजून ‘मामांचा गरबा’ म्हणतात. उन्हाळ्यात यायचंच असेल तर सकाळी लवकर या आणि पायात मोजे ठेवा.

नवरात्राचे नऊ दिवस बडोदं रात्रभर जागं असतं आणि दिवसा डुलक्या घेतं, रिक्षा मिळेनाशा होतात. गरबा बघायचा असेल तर जरूर या, पण मग या घरासाठी वेगळा दिवस ठेवा.

आता गर्दीचे दिवस. 15 ऑगस्ट हा अरविंदांचा जन्मदिवस, सन 1872 चा. शिवाय 21 फेब्रुवारी हा पाँडिचेरी आश्रमाच्या माताजींचा जन्मदिवस, 24 नोव्हेंबर हा सिद्धिदिन, म्हणजे अरविंदांना साधनेत सिद्धी मिळाल्याचा दिवस, आणि 5 डिसेंबर हा अरविंदांच्या महासमाधीचा दिवस. या दिवसांना साधक मंडळी मोठ्या संख्येने येतात. श्रद्धेने येणाऱ्याला हेच दिवस हवे असतात. लेखकाचं घर बघायला येणाऱ्याने ते टाळावेत. साधा कामाचा वार, सकाळची वेळ, हे सगळ्यात उत्तम. उघडण्याच्या वेळा सणावाराला बदलतात आणि दुपारी विश्रांती असते, म्हणून निघायच्या दिवशी फोन करून विचारून घ्या. तिकीट वगैरे काही नाही.

स्टेशनवर उतरल्यावर लगेच रिक्षा करू नका

स्टेशनवर पाटी ‘वडोदरा’ अशी असेल. गोंधळू नका. 1974 पासून अधिकृत नाव तेच आहे, आपण मराठी माणसं मात्र बडोदंच म्हणतो, आणि इथल्या गुजराती शेजाऱ्यांनाही त्याचं काही वाटत नाही.

सामान कुठेतरी ठेवून आधी पायी चालत आर्ट्स फॅकल्टीकडे जा. स्टेशनच्या सयाजीगंज बाजूने बाहेर पडलं की फार लांब नाही. मोठा घुमट दुरूनच दिसतो. हेच जुनं बडोदा कॉलेज. वास्तुरचनाकार चिझम, तेच ज्यांनी लक्ष्मीविलास पुरा केला. आज ही इमारत महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे, त्यामुळे दरवाज्यावर चौकीदाराला सांगून आत जा, आणि परीक्षा चालू असतील तर बाहेरूनच बघा.

अरविंदबाबू नोकरीला लागले ते काही प्राध्यापक म्हणून नाही. आधी जमीन-मोजणीचं खातं, मग स्टँप, महसूल, सचिवालय, अशी खरी सरकारी भटकंती झाली. कॉलेजात ते आले फ्रेंच शिकवायला, थोडा वेळ, मग इंग्रजीचे प्राध्यापक, मग उपप्राचार्य आणि शेवटी काही काळ प्रभारी प्राचार्य. कन्हैयालाल मुनशी इथेच त्यांचे विद्यार्थी होते. महाराजांना भाषण हवं असलं, अवघड पत्राचा मसुदा हवा असला की हाक अरविंदबाबूंनाच. घुमटाखाली उभं राहून हे आठवावं. मग समोरच्या सयाजीबागेत, म्हणजे जुन्या लोकांच्या कमाटी बागेत, थोडं फिरावं. याच बागेजवळून घोडागाडीने जाताना एकदा घोडा बिथरला, अपघात होणार असं वाटलं, आणि त्या क्षणी आपल्याच आतून एक तेजस्वी पुरुष उभा राहून सगळं सांभाळतोय असा अनुभव त्यांना आला. बडोद्यातलं ते पहिलंच वर्ष होतं. तोवर योग-बिग काही सुरू नव्हतं. त्यावरचं सुनीत त्यांनी लिहिलं पुष्कळ वर्षांनी, पाँडिचेरीत.

बागेतून निघालात की काळा घोडा चौक. तिथे घोड्यावर स्वार सयाजीराव आहेत. पुढे विश्वामित्रीचा पूल. पुलावरून खाली वाकून मगर शोधू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण वाकतोच. मगरी खरोखर आहेत.

दांडिया बाजारापर्यंत

इथून रिक्षा. “दांडिया बजार, अरविंद निवास” एवढं म्हटलं की पुरे. मराठीत बोललात तरी चालतं. या भागात रिक्षावाल्याला ‘इकडे वळा’ कळतं, आणि तुम्हाला मात्र त्याचं ‘आजुबाजु ऊभी राखुं?’ कळायला दोन सेकंद लागतात.

दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागर हा सगळा गायकवाडी मराठी पट्टा. जुन्या पाट्यांवर जोशी, जाधव, शिर्के अजून दिसतात. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, असं आमचं रोजचं चालतं. 2018 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हा बाहेरून आलेल्यांना आश्चर्य वाटलं होतं. आम्हाला त्यांच्या आश्चर्याचं आश्चर्य.

आणि म्हणूनच मी म्हणतो की हे घर मराठी माणसाने बघायला हवं. हे घर खासेराव जाधवांचं. खासेराव संस्थानात सुभा होते, म्हणजे मोठे मुलकी अधिकारी, आणि नेमणुकीमुळे बरेचदा बाहेरगावी असत. त्यांचे धाकटे भाऊ माधवराव जाधव अरविंदबाबूंचे जिवलग. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे हेही मराठी, ज्यांनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ पत्रात त्यांच्याकडून 1893-94 मध्ये काँग्रेसवर कडक लेखमाला लिहून घेतली. इतकी कडक, की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सांभाळून राहा असा इशारा दिला आणि लेखांचा सूर उतरला. बंगाली शिकवायला बंगालहून दिनेंद्रकुमार रॉय यांना बोलावून घ्यावं लागलं, पण मराठी मात्र आजूबाजूच्या माणसांतून आणि कचेरीतून मिळाली. इंग्लंडहून आलेल्या या माणसाला हिंदुस्थान पहिल्यांदा भेटला तो असा, जाधवांच्या घरात आणि देशपांड्यांच्या गप्पांत.

फाटकातून आत

आता घाई सोडा. रस्त्यावर हॉर्न, भाजीवाले, स्कूटरी, सगळं आहे. फाटकातून आत आलात की आवाज कमी होतो, पण एकदम नाही. म्हणून लगेच घरात शिरू नका. आवारात झाडं आहेत, बाग नीट राखलेली आहे. पाच मिनिटं तिथेच थांबा, पाणी प्या, मोबाइल बंद करा. ‘सायलेंट’वर नव्हे, बंद. माझ्या भाच्याचा मोबाइल सायलेंटवर होता म्हणे, आणि ध्यानाच्या खोलीत त्यातून सैराट वाजलं. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

बागेतून घराकडे बघा. दिनेंद्रकुमारांनी आपल्या आठवणींत विटांचं दुमजली घर लिहिलंय ते हेच. अरविंदबाबू काही तेरा वर्षं सलग इथेच राहिले असं मात्र समजू नका. प्लेगच्या साथीत गाव सोडून बाहेरच्या एका जुनाट बंगल्यात बिऱ्हाड हलवावं लागलं होतं, आणि तिथे उन्हाळ्यात भाजून निघायचे, थंडीत कुडकुडायचे. इतरही घरं झाली. तरी मुख्य पत्ता हाच.

चप्पल बाहेर, पिशव्या शक्यतो बाहेर. फोटो काढायचे असतील तर बागेतून काढा, आतल्यासाठी आधी विचारा, आणि ध्यानाच्या खोलीत विचारूही नका.

आत काय करायचं

आता हे स्मारक म्हणून राखलेलं आहे, श्रीअरविंदांचे पवित्र अवशेष इथे ठेवलेले आहेत, आणि लोक ध्यानाला येतात. म्हणजे हे वस्तुसंग्रहालय नव्हे. टेबल-खुर्ची, दौत-टाक, ‘लेखकाची चष्म्याची पेटी’ अशी मांडणी शोधत आलात तर हिरमोड होईल. ते सगळं तुम्हालाच मनाशी मांडायचंय. त्यासाठी सामान मी देतो.

एक टेबल मांडा. त्यावर घासलेटचा दिवा. रात्रीचा एक वाजलाय. डास असे की दिनेंद्रकुमारांना सहन होत नव्हते, आणि हा माणूस पुस्तकात डोकं घालून मूर्तीसारखा बसलेला. पुस्तकं मुंबईहून येत, थॅकरकडून आणि राधाबाई आत्माराम सगूण यांच्याकडून, आणि टपालाने नव्हे, रेल्वे पार्सलने, खोकीच्या खोकी. आठ-दहा दिवसांत खोकं वाचून संपायचं आणि नवी ऑर्डर जायची. कोपऱ्यात एक काथ्याची खाट मांडा, वर चटई आणि चादर. गादी नको. पगार शेकड्यांत होता तेव्हाची ही खाट आहे. जेवणाबद्दल तक्रार नव्हती, पण ती करायला दिनेंद्रकुमार होतेच. बडोद्याचा स्वयंपाक त्यांना मुळीच रुचला नाही, आणि हे वाचून मला दरवेळी आमच्या आजीच्या बाजूने वाद घालावासा वाटतो.

हे सगळं मांडून झालं की एका बाजूला बसा. ध्यान येत नसलं तरी चालेल, मलाही येत नाही. वीस मिनिटं गप्प बसता येणं पुरे.

इथे आणखी एक गल्लत होते, ती आधीच दूर करतो. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेची काँग्रेस मोडली. तिथून अरविंदबाबू बडोद्याला आले, आता प्राध्यापक म्हणून नव्हे, पुढारी म्हणून. कॉलेजच्या पोरांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. याच मुक्कामात, जानेवारी 1908 च्या सुरुवातीला, त्यांना विष्णु भास्कर लेले भेटले. लेले मराठी गृहस्थ, साधक. त्यांनी सांगितलं ते इतकंच : विचार बाहेरून आत येतात तेव्हा ते बघ आणि आत येऊ देऊ नकोस. तीन दिवसांत मन निश्चल झालं, असं अरविंदांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय. भेट खासेरावांच्या घरी झाली. ते तीन दिवसांचं बसणं मात्र सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या माडीवरच्या एका लहान खोलीत झालं. लोक दोन्ही घटना एकाच खोलीत घालतात. तुम्ही घालू नका.

निघताना पुस्तकांकडे नजर टाका. मराठी पुस्तक हवं असेल तर तसं विचारा, मांडलेली बहुतेक गुजराती आणि इंग्रजी असतात.

मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर

लहान मुलांना आत अर्धा तास बसवू नका. एकाने आत बसावं, दुसऱ्याने बागेत मुलं सांभाळावीत, मग अदलाबदल. त्यांना डास आणि खोक्यांची गोष्ट सांगा, योगाची नको. आजी-आजोबांना जिने अवघड जात असतील तर खालीच बसवा. तिथल्या माणसांना सांगितलं की ते खुर्ची आणून देतात.

बाहेर पडल्यावर

भूक लागलेली असतेच. रावपुऱ्यात दुलीरामचे पेढे घ्या, घरी न्यायला लिलो चिवडा घ्या. हा बटाट्याचा ओलसर हिरवा चिवडा आहे, चार-पाच दिवसांत संपवायचा. कोरडा समजून महिनाभर डब्यात ठेवणाऱ्या पुणेकरांना मी ओळखतो. सेव-उसळ संध्याकाळची. तर्री मागताना आपल्या मिसळीचा अंदाज धरू नका, आधी थोडी घ्या.

जवळच रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते. लाकडी वाडा, आणि भिंतीभर रंगीत चित्रं : महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठे लढाया. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. अरविंदबाबूंच्या काळातला मराठी बडोदेकर कसल्या घरात राहायचा, हे इथे डोळ्यांनी दिसतं, म्हणून त्याच दिवशी बघा. लक्ष्मीविलास दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्याच दुपारी तिथे गेलात तर झुंबरं बघून काथ्याची खाट विसराल.

एक दिवस जास्त असेल तर चांदोद

बडोद्याहून साधारण 50 किलोमीटर. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती असा संगम. अरविंदबाबू देशपांड्यांबरोबर इकडे येत. नर्मदाकाठचे योगी स्वामी ब्रह्मानंद यांचं दर्शन त्यांना इथेच झालं. जवळच्या कर्नाळीला काठावर देवळं आहेत. तिथल्या एका कालीमंदिरात, मूर्तिपूजेवर फारसा विश्वास नसलेल्या या माणसाला मूर्तीत साक्षात देवीचं अस्तित्व जाणवलं.

सकाळी लवकर निघा. नावेचा भाव बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन असा, नाहीतर परतीला पुन्हा घासाघीस होते. अंघोळ करणार असाल तर एक कोरडा पंचा आणि कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी घ्या. पावसाळ्यात पाणी चढलेलं असेल तर पायऱ्यांवरूनच नमस्कार करा, नावाडी नेतो म्हणाला तरी. आणि परतीची गाडी निघण्याआधीच सांगून ठेवा, अंधार पडल्यावर तिथे रिक्षा शोधत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.